बीटलला दुसरं इंजिन? आधी पहिलं उघडून बघा

जुनी फोक्सवॅगन बीटल कुणी विकत घेतली, किंवा आजोबांची धूळ खात पडलेली गाडी बाहेर काढली, की एक सल्ला हमखास मिळतो. बॉडी छान करून घ्या, सीट शिवून घ्या, क्रोम चढवून घ्या, आणि मागचं ते फटफट करणारं इंजिन काढून मारुतीचं टाका. गॅरेजवाला सांगतो, शेजारी सांगतात, आयुष्यात कधी टॅपेट सेट न केलेले नातेवाईकही सांगतात. आता त्यात बॅटरीवाल्यांची भर पडली आहे: मोटर बसवा, पेट्रोलची कटकटच नको. सगळ्यांचा सूर समजूतदारपणाचा असतो. जुनं इंजिन ठेवणारा भावनेच्या भरात बोलतो आणि ते काढून टाकणारा व्यवहार जाणतो, अशी वाटणी आधीच होऊन गेलेली असते.

ही वाटणी मला मान्य नाही. व्यवहाराच्या नावाखाली जे सांगितलं जातं, त्यातला एकेक मुद्दा हातात घेतला की तो अर्धवट माहितीवर उभा असलेला दिसतो. आणि त्या अर्धवट माहितीपायी सहज दुरुस्त होण्याजोगी इंजिनं किलोच्या भावाने भंगारात जातात. म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्यांची बाजू पूर्ण मांडतो. हवेवर थंड होणारं इंजिन थंड जर्मनीसाठी बनलं, आपल्या उन्हात, घाटात आणि ट्रॅफिकमध्ये ते तापणारच. गाडी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, पार्ट आणायचे कुठून? ३४ हॉर्सपॉवरच्या जिवावर आजच्या हायवेला निभाव कसा लागणार? मारुतीचं इंजिन स्वस्त, पार्ट कोपऱ्यावर, ॲव्हरेज चांगलं. आणि शेवटी, गाडी दिसते तर बीटलसारखीच ना?

तापण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त बळी याच मुद्द्याने घेतले आहेत.

फर्डिनांड पोर्शे यांनी एअर-कूलिंग निवडलं त्यात थंडीचा विचार होताच. ज्या माणसासाठी ही गाडी होती त्याच्याकडे गॅरेज नव्हतं, आणि रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीतलं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटतो. पण ज्या इंजिनात गोठायला पाणी नाही, त्यात उकळायलाही पाणी नाही, हे कुणी का बोलत नाही? याच इंजिनावर चालणारी क्यूबेलवॅगन दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावली. पुढे बीटल ब्राझीलमध्ये बनली, मेक्सिकोत बनली, नायजेरियात जोडली गेली. मेक्सिको सिटीत ती वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून गर्दीत चालली. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथल्या कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडली, तेव्हा एकूण संख्या २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेली होती, आणि त्या शेवटच्या गाडीच्या मागेही हवेवर थंड होणारंच इंजिन होतं. यातला कुठला देश बर्फाळ आहे?

परदेश राहू द्या. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली बजाज चेतक आपल्यापैकी किती घरांत होती! फ्लायव्हीलवर पंखा, त्यावर आवरण, आणि पंख्याने ढकललेली हवा सिलिंडरच्या पात्यांवरून जाणार, एवढीच तिची कूलिंग. नवरा-बायको, दोन मुलं आणि मधे सामानाची पिशवी घेऊन तिने विदर्भातले मे महिने काढले. बजाजची रिक्षा त्याच तत्त्वावर दिवसभर भाडी मारत राहिली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आपल्या हवेत पंख्यावरचं इंजिन चालत नाही. बीटलमध्ये तेच तत्त्व आहे, फक्त माप मोठं आणि पत्र्याचं काम जास्त विचाराने केलेलं.

मग रस्त्याच्या कडेला तापून उभ्या राहिलेल्या बीटल दिसतात त्याचं काय? दिसतात, हे खरं. पण त्यातली एखादी उघडून बघा. बीटलचा पंखा डायनमोच्याच शाफ्टवर बसतो आणि एकाच बेल्टवर दोन्ही फिरतात. पंखा वरून हवा ओढतो, पत्र्याच्या कमानीतून ती चारही सिलिंडरवर सोडतो, खालचे पत्रे तिला पात्यांमध्ये धरून ठेवतात आणि तापलेली हवा गाडीखाली निघून जाते. इंजिनाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी वरचा थंड कप्पा आणि खालचा गरम कप्पा वेगळे ठेवते. एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरखाली थर्मोस्टॅट असतो, इंजिन गार असताना तो हवा रोखतो आणि तापलं की वाट मोकळी करतो. यातली एकही वस्तू शोभेची नाही.

आता आपल्याकडच्या, चार-पाच हातांतून गेलेल्या गाडीत काय सापडतं ते सांगतो. रबराची पट्टी झिजून तुटलेली आणि कधीच बदललेली नाही. प्लगच्या वायरींवरची रबरी बुचं गायब, त्या भोकांतून हवा वाया जाते. "लावला नाही तरी चालतं" म्हणत प्रत्येक वेळी इंजिन उतरवताना एकेक पत्रा बाजूला ठेवलेला, आणि शेवटी खालचे दोन्ही पत्रे कुठल्याशा गॅरेजच्या माळ्यावर राहिलेले. थर्मोस्टॅट काढून फेकलेला, झडप अर्ध्यात अडकलेली. आणि पंख्याची कमान उचलली की ऑइल कूलरच्या जाळीवर कापूस, सुतळी आणि वाळलेलं गवत यांचं उंदराने केलेलं घरटं, तेलाने चिकट झालेलं. ही गाडी वर्षानुवर्षं उभी होती तेव्हा झालेलं ते घरटं मालकाने पाहिलेलं नसतं, मेकॅनिकने पाहिलेलं नसतं, आणि निदान काय, तर "एअर-कूल्ड इंजिन आपल्याकडे चालत नाही". रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

तीन नंबरच्या सिलिंडरची गोष्ट मात्र मी लपवणार नाही. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या कमानीच्या आतच, हवेच्या वाटेत उभा होता. त्यामुळे तीन नंबरला हवा कमी आणि आधीच तापलेली मिळायची, आणि जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा तिथलाच निघायचा. हा दोष फोक्सवॅगनने स्वतःच दुरुस्त केला. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर वाटेतून बाहेर काढला आणि त्याला पत्र्याचा वेगळा कप्पा दिला. ती कमान, तो कूलर, तो रुंद पंखा आजही मिळतो आणि आधीच्या इंजिनावर बसवता येतो. म्हणजे खऱ्या दोषाचं औषध घरातच आहे. आणि बाकीचे व्हॉल्व्ह जळतात ते का? टॅपेट वेळेवर सेट न केल्याने. गार इंजिनात ०.१५ मिलिमीटरची फट (जुन्या इंजिनांत ०.१०) हवी. ती बुजली की व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, सीटमधून जाणारी उष्णता त्याच्यातच राहते आणि तो जळतो. फिलर गेज घेऊन एका सकाळी होणारं काम आहे. या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर, कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. ते अडीच लिटर वंगणही करतं आणि इंजिन थंडही ठेवतं, म्हणून कंपनीने दर ५,००० किलोमीटरला बदला असं सांगितलं होतं. दोन-दोन वर्षं तेच काळं तेल ठेवायचं आणि दोष पोर्शेंच्या डिझाइनला द्यायचा, हा कुठला न्याय?

आता त्यांचा उपाय बघू. मारुतीचं इंजिन पाण्यावर थंड होतं, म्हणजे रेडिएटर हवा. तो बीटलमध्ये कुठे बसवणार? पुढे स्टेपनी, पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा आहे, मागे वाहती हवा नाही. मग पुढचा पत्रा कापा, गाडीखालून पाण्याचे पाइप न्या, इलेक्ट्रिक पंखा बसवा. गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट करून घ्या. बीटलचं आडवं इंजिन बुटकं आणि आखूड आहे, सरळ उभं चार सिलिंडरचं इंजिन तिथे बसवायचं तर मागचा पत्रा आणि झाकण यांना बहुधा कात्री लागतेच. इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयू, हाय-प्रेशरचा पंप, नवी वायरिंग. सायलेन्सर नवा, माउंटिंग नवं. स्वस्त म्हणून घेतलेल्या इंजिनाचा हा सगळा खर्च जोडून कुणी कागदावर मांडतं का? आणि एवढं करून जे तयार होतं त्याचं मॅन्युअल जगात कुठेच नसतं. ते कसं जोडलंय हे फक्त जोडणाऱ्या मिस्त्रीला ठाऊक. तो गावी गेला, धंदा बंद करून बसला, की गाडी कुणाकडे नेणार? मूळ इंजिनाचं मात्र प्रत्येक बोल्टचं टॉर्क छापलेलं आहे आणि जगाच्या पाठीवर कुठलाही बीटलवाला ते वाचून काम करू शकतो. गिअरबॉक्सला चार ठिकाणी धरलेलं, सुमारे ११० किलोचं हे इंजिन जॅकवर घेऊन दोन माणसं तासाभरात खाली उतरवतात. असं दुरुस्तीला सोपं इंजिन काढून दुरुस्तीला अवघड इंजिन बसवायचं, आणि त्याला व्यवहार म्हणायचं?

पार्ट मिळत नाहीत, हा मुद्दा एके काळी खरा होता. १९५० च्या दशकात सरकारी धोरणाने परदेशी गाड्यांची दारं बंद झाली, बीटल इथे कधी बनल्या नाहीत, आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांनी कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या गल्ल्यांतून कसंबसं भागवलं. त्या काळातल्या माणसाने दुसरं इंजिन बसवून गाडी चालू ठेवली असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला पर्याय नव्हता. तुम्हाला आहे. बीटलइतके नव्याने बनणारे पार्ट फार थोड्या जुन्या गाड्यांना मिळतात. पिस्टन-सिलिंडरचा सेट, बेअरिंग, हेड, कॅम, ऑइल पंप, अगदी ॲल्युमिनियमची अख्खी नवी क्रँककेससुद्धा. कस्टम ड्युटी लागते, पार्सलला वेळ लागतो, हे मान्य. पण रंगावर आणि लेदरवर हात सैल सोडणारा माणूस पिस्टनच्या सेटपाशी येऊन एकदम काटकसरी का होतो? पेट्रोलच्या नळ्यांबाबत तर काटकसर जिवावर बेतते. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, तडकतं. नळी डिस्ट्रिब्युटरच्या जवळून जाते, आणि कार्बुरेटरमध्ये नुसती दाबून बसवलेली पितळी नळी सैल होऊन निसटू शकते. बीटलला आगी लागतात त्यामागे हेच असतं. इथेनॉलला टिकणारी नळी आणि चांगले क्लिप यांना लागून लागून किती पैसे लागतात? त्यासाठी इंजिन बदलावं लागत नाही.

ताकदीचा मुद्दा. १९६० च्या ऑगस्टपासूनच्या १२०० च्या इंजिनाला ३४ हॉर्सपॉवर होती आणि गाडी ११५ किलोमीटरचा वेग गाठायची. हे इंजिन मुद्दाम घुसमटवून ठेवलेलं आहे: लहान कार्बुरेटर, लहान व्हॉल्व्ह, म्हणजे पाय पूर्ण दाबून तासन् तास चालवलं तरी ते स्वतःला फाडून घेत नाही. खंडाळ्याच्या घाटात ती तिसऱ्या गिअरमध्ये चढते, मागून हॉर्न वाजतात, वाजू द्यावेत. कारण दुप्पट-तिप्पट ताकद घातली तर ती थांबवणार कोण? चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्विंग ॲक्सल. वेगात वळताना मधेच पाय काढला की बाहेरचं मागचं चाक आत मुडपतं आणि गाडीची पकड सुटते. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, गिअरबॉक्स सगळं बदलणार का? बदललंत तर गाडीत बीटलचं उरलं काय? न बदललंत, तर त्या गाडीत तुम्ही मुलांना कशाच्या भरवशावर बसवता?

दुसऱ्या टोकाला नंबरवाले आहेत. कारखान्यातून ज्या नंबरचं इंजिन आलं तेच हवं, नाहीतर गाडी खोटी. त्यांच्याशीही माझं पटत नाही, आणि याला उत्तर खुद्द फोक्सवॅगनने देऊन ठेवलं आहे. थकलेलं इंजिन डीलरकडे द्या आणि कंपनीने नवं केलेलं त्याच जातीचं घेऊन जा, ही सोय कंपनी स्वतःच देत होती. इंजिन झिजणार आणि बदलणार हे बनवणाऱ्यांनी धरलेलं होतं. मुद्दा नंबरचा नाही, जातीचा आहे.

मग बदलायचंच झालं तर कुठलं? पहिल्यांदा हातातलं मोजा. पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. क्रँकचा एंड-प्ले ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. ठक्कन आवाज येऊन पुली हलली तर मेन बेअरिंगच्या जागा घासल्या आहेत. केस मॅग्नेशियमची असते, ती तीन नंबरच्या मागे फ्लायव्हीलच्या बाजूला तडकते, आणि हेडच्या स्टडचे आटे ओढले जातात. आटे गेले तर स्टीलचे इन्सर्ट बसतात, बेअरिंगच्या जागा लाइन-बोअर होतात. तडा मोठा असेल तेव्हाच दुसऱ्या इंजिनाचा विषय काढा.

दुसरं घ्यायचं तर गाडीच्या सालाजवळचं घ्या. १९६० च्या दशकातल्या १२०० च्या गाडीत १२०० किंवा १३०० सिंगल-पोर्ट: १३०० ची ताकद ४०, बोअर तोच ७७, फक्त स्ट्रोक ६४ चा ६९ झालेला. १५०० ला ४४. १६०० ड्युअल-पोर्टला ५०, १९७१ च्या आणि पुढच्या गाडीला ते शोभतंच, आधीच्या गाडीला केस पूर्ण गेली असेल तरच. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचं इंजिन आणणाऱ्यांनी फ्लायव्हील बघावं: ६ व्होल्टचं १०९ दातांचं, १२ व्होल्टचं १३० दातांचं आणि मोठं. ते तसंच बसवायचं तर गिअरबॉक्सचं बेल-हाउसिंग आतून घासावं लागतं. त्यापेक्षा फ्लायव्हील बदला. ऑगस्ट १९६० पूर्वीची ३० हॉर्सपॉवरची गाडी असेल, डायनमोचा स्टँड केसमध्येच ओतलेला, तर तिचं इंजिन काहीही करून वाचवा, पुढच्या इंजिनांचे फार थोडे पार्ट त्याला लागतात आणि तशी इंजिनं दिवसेंदिवस कमी होत आहेत.

कायद्याकडे मारुतीवाले बघतच नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीचं मूळ रूप मनमानी बदलू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली: पन्नास वर्षांवरची गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. दुसऱ्याच कंपनीचं इंजिन घातलेली बीटल या अटीत कशी बसणार? आणि या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नेता येते. मग ऑफिसला जायच्या सोयीसाठी इंजिन बदलण्याचा युक्तिवाद उरतो कुठे? बॅटरीवाल्यांनाही हेच विचारतो. मोजक्या रविवारी रस्त्यावर येणाऱ्या गाडीचं इंजिन उपटून हवा किती शुद्ध होणार? विजेवर चालायचं असेल तर विजेची गाडी घ्या, ती बाजारात आहे.

राहिला शेवटचा मुद्दा: दिसते तर तशीच ना? याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बीटल तशी का दिसते याचा विचार करा. पुढे जाळी नाही, कारण रेडिएटर नाही. नाक गोल उतरतं, कारण खाली इंजिन नाही. मागच्या काचेखाली त्या फटी आहेत, कारण तिथून पंखा श्वास घेतो. पाठ तशी वळते, कारण खाली बुटकं, रुंद, आडवं इंजिन बसलेलं आहे. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, त्याऐवजी डायनमोचा लाल दिवा आहे: तो चालताना लागला तर बेल्ट तुटला, म्हणजे पंखाही थांबला, ताबडतोब गाडी बाजूला घ्या, २१ चा पाना काढा आणि डिकीतला जादा बेल्ट चढवा. ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यातला हा करार त्या एका दिव्यात आहे. इंजिन काढलं की त्या फटी, तो दिवा, ते जाळी नसलेलं तोंड, सगळं निरर्थक होतं. ज्या यंत्रासाठी हे शरीर घडवलं तेच यंत्र फेकून शरीराला पॉलिश करणं, याला रिस्टोरेशन म्हणू नका. दुसरं काहीही म्हणा.

ज्यांनी आधीच इंजिन काढलं आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे: ते भंगारवाल्याला देऊ नका. पंख्याची कमान, खालचे पत्रे, कूलर, कार्बुरेटर आणि केस एका खोक्यात भरा, आरसीवरच्या नंबराशी केसवरचा नंबर ताडून बघा आणि ते खोकं गाडीबरोबर ठेवा. गाडी विकलीत तर खोकंही द्या. आणि ज्यांनी अजून काढलेलं नाही, त्यांनी अडॅप्टर प्लेटची ऑर्डर देण्याआधी पंख्याची कमान उचलावी, कूलर साफ करावा, पत्रे आणि रबराची पट्टी जागेवर लावावी, टॅपेट सेट करावेत आणि मग भर दुपारी गाडी घाटात न्यावी. त्यानंतरही इंजिन बदलायचं म्हणणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे, त्याआधी नाही.